विहीणबाईंच्या विहिरीतला दात

मी सोलापुरात दातांची डॉक्टर आहे. आठवडाभर माणसांचे दात बघते आणि सुट्टी मिळाली की कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या शार्कचे दात गोळा करते. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "कंटाळा नाही येत का हो?" नाही येत. माणसाच्या दातामागं एक घाबरलेला माणूस 'आ' करून बसलेला असतो. शार्कच्या दातामागं कुणी नसतं. तो शांतपणे बघू देतो.

हा नाद कच्छमध्ये लागला. नवऱ्याबरोबर सहलीला गेले होते. एका कोरड्या ओढ्याजवळ गाडी पंक्चर झाली. टायर बदलेपर्यंत मी वाळूत इकडंतिकडं बघत फिरत होते, तर पायाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी त्रिकोण दिसला. उचलून पदरानं पुसला तशी चकाकी वर आली. कडेला करवतीसारखे बारीक काटे, आणि वरचं इनॅमल इतकं शाबूत की माझ्या एकाही पेशंटचं तसं नसेल. शार्कच्या अंगात हाडच नसतं, नुसती कूर्चा. ती कुजून जाते आणि मागं उरतात ते दात. तेही थोडेथोडके नाहीत. एक पडला की मागच्या रांगेतला पुढं सरकतो, असं जन्मभर चालतं. शार्कला माझी गरजच नाही, म्हणून कदाचित मला त्यांचं एवढं प्रेम.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सुनेनं, पल्लवीनं, पुण्याहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. तिच्या माहेरी, कलबुर्गीकडच्या आळंद तालुक्यातल्या एका गावात, शेतात नवी विहीर खणत होते. काळा दगड फोडत फोडत खाली गेले आणि मध्येच करडी-हिरवट, साबणासारखी माती लागली. व्हिडिओत कुणाच्या तरी तळहातावर त्या मातीतली दगड झालेली इवलीशी गोगलगाय होती. पल्लवीनं खाली लिहिलं होतं, "आई, हे तुमच्या कामाचं आहे का?"

मी पेशंटला खुर्चीवर तसंच ठेवून तो व्हिडिओ पुन्हा बघितला.

आपल्या भागातला काळा दगड म्हणजे एकावर एक थिजलेले लाव्हाचे थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी मोठी उसंत मिळाली. तेवढ्यात तळी साचली, झाडं उगवली, गोगलगायी झाल्या, मासे आले. मग पुढचा लाव्हा येऊन सगळ्यावर झाकण बसलं. पल्लवीच्या वडिलांनी ते झाकण फोडलं होतं. जिथं मासे होते तिथं माशांचे दात असणार, आणि कोण जाणे, शार्कचाही असेल.

मी फोन केला तर पल्लवी म्हणाली, "पण लवकर जा हो. विहिरीतून निघालेल्या ढिगाऱ्याचा मळ्याच्या रस्त्यावर भराव घालायचं ठरलंय. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येणार. आणि येळवशीचं बोलावणं तर तुम्हाला दरवर्षी असतंच, तुम्हीच जात नाही."

हे खरं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी विहीणबाईंशी माझं बोलणं 'चहा घ्या, पोहे घ्या'च्या पुढं गेलेलं नव्हतं. उंच, सडपातळ, कपाळावर मोठं कुंकू. ओठ कायम मिटलेले. हसू आलं तरी पदर तोंडाशी. मला वाटायचं, त्यांना मी आवडत नाही. नवरा ऑफिसच्या कामात अडकलेला होता, म्हणून मी एकटीच निघाले. बॅगेत दोन साड्या, एक भिंग आणि कच्छचे दात ठेवलेली छोटी डबी.

आळंद

अक्कलकोट मागं पडलं की दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं कानडी, गोल होत जातात. माणसं मात्र तीच असतात. बसमध्ये माझ्या शेजारची बाई फोनवर आईशी मराठीत भांडत होती, कंडक्टरशी कन्नडमध्ये, आणि मागच्या सीटवरच्या फळवाल्याला तिनं दखनीत सांगितलं, "पाँव जरा उधर लेव." तीनही भाषांत तिचा आवाज सारखाच मोठा होता. बाहेर तुरीची कापणी झालेली रानं, मध्येच कमरेच्या वर गेलेली ज्वारी, आणि सगळीकडं ती तव्यासारखी काळी जमीन.

आळंदच्या स्टँडवर पल्लवीचे वडील मोटारसायकल घेऊन उभे होते. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, मीही म्हणते. बाजारात तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, त्यांतून वाट काढत ते म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही येळवशीला आलाव, लई चांगलं झालं. पर पल्लवी म्हणायली, तुम्ही मातीसाठी आलाव?"

"दोन्हीसाठी," मी म्हटलं.

"पाण्यासाठी खणायलो तर माती लागली. आता मातीसाठी पाहुणे यायलेत." आणि ते स्वतःच हसले.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. विहीर अजून उघडी आहे आणि माझ्यासारखी हौशी माणसं महाराष्ट्रात आणखीही आहेत.

घरी विहीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांचं नाव सुशीलाबाई, पण लहानथोर सगळे अक्का म्हणतात. त्यांनी पायावर पाणी घातलं, चहा दिला, पोहे दिले. "बसा," म्हणाल्या, आणि आत गेल्या. आतून उद्याच्या तयारीचा वास येत होता. मोठ्या पातेल्यात ओले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणे, कसल्या कसल्या पालेभाज्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "नको नको, तुम्ही बसा."

मी बसले. मग उठले आणि अण्णांबरोबर विहिरीवर गेले.

विहीर म्हणजे काळ्या दगडातला चौकोनी खड्डा, काठावर दगडमाती वर ओढणारं यारीचं यंत्र. अर्ध्याच्या खाली भिंतीत एक करडा पट्टा स्पष्ट दिसत होता, हातभर जाडीचा. त्याच्यावर काळा दगड, त्याच्याखालीही काळाच दगड. काठाशी ढीग पडला होता. मुरूम, दगड आणि ती माती, सगळं एकत्र. मी गुडघ्यावर बसून एक ढेकूळ फोडलं. आत गोगलगाय. दुसरं फोडलं, दोन गोगलगायी. अण्णा मागं उभे होते.

"ह्यात काय सापडंल म्हणता?"

"दात."

"कुणाचा?"

मी डबी उघडून कच्छचा दात त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं धार बघितली, विळ्याची बघतात तशी. "अजून कापायलाय की," ते म्हणाले. "पर हे समुद्रातलं जनावर. हितं कामून यील?"

मी तिसरं ढेकूळ फोडायला घेतलं.

येळवस

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. लातूर, बिदर, कलबुर्गीकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. सोलापूर शहरात वाढलेल्या मला हे ऐकून माहीत होतं, बघितलेलं नव्हतं. सकाळी अक्कांनी आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं, मागं आम्ही भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, शेंगांच्या पोळ्या, खिरीचा डबा असं एकेक घेऊन. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभी केलेली होती. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा झाली. अण्णा हातात आंबील घेऊन पिकावर शिंपडत शेताला फेरी घालून आले. मग जेवण. भज्जी ही काय वस्तू आहे हे सोलापुरात बसून कळणार नाही. सगळ्या हिवाळ्याची एकच भाजी करून टाकली तर ती अशी लागेल. मी तीनदा घेतली. अक्कांनी चौथ्यांदा वाढायला पळी उचलली तेव्हा मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

माझं निम्मं लक्ष ढिगाऱ्याकडं होतं. ट्रॅक्टर उद्या सकाळी येणार होता. जेवणं झाल्यावर मी हळूच अण्णांना विचारलं, "एक बादली पाणी मिळेल का?"

ही माती अशी असते की वाळलेली पाण्यात टाकली की लोण्यासारखी विरघळते. मग गाळायची, वर राहिलेला चोथा उन्हात वाळवायचा आणि भिंगातून निवडायचा. मी कोपीच्या सावलीला एका भगुल्यात माती भिजत घातली. अक्का थोडा वेळ लांबून बघत राहिल्या. नंतर घरी माणूस पाठवून रव्याची चाळणी, पिठाची चाळणी आणि तीन पराती मागवल्या.

"नुसतं बघून काय कळायलंय," त्या म्हणाल्या. "द्या हिकडं."

येळवशीला आपलं जेवण झालं की शेजारच्या शेतात जायचं आणि शेजाऱ्यांनी आपल्याकडं यायचं, अशी रीत. त्यामुळं दुपारी अक्कांच्या शेतात बायकांची ये-जा सुरू झाली. येणारी प्रत्येक जण विचारायची, "काय करायलाव गं?" आणि अक्का गंभीरपणे सांगायच्या, "विहीणबाईचा दात हरवलाय, हुडकायलाव." बघता बघता परातींभोवती गोल करून पाचसहा जणी बसल्या. तांदूळ निवडताना बसतात तशाच, आणि बोटंही तशीच चालत होती. मी एकटीनं दोन दिवसांत केलं नसतं तेवढं काम तासाभरात झालं. गोगलगायींचा एक ढीग, माशांच्या इवल्या मणक्यांचा एक छोटा ढीग. मणके मोहरीएवढे. मी त्यांना सांगितलं की हा माशाचा पाठकणा आहे, तर एक म्हातारी म्हणाली, "हितं मासे व्हते व्हय? आता प्यायला पाणी न्हाई!" आणि सगळ्या हसल्या.

दात मात्र नव्हता.

उन्हं कलायला लागली तेव्हा बिदरहून अक्कांचे थोरले भाऊ आले. जनवाड्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून आता बिदरच्याच नौबादला राहतात. सगळ्यांचे मामा. पांढरी टोपी, गळ्यात उपरणं, बोलायला मोकळे. मोटारीतून उतरून उन्हात चालत आले ते सरळ कोपीत शिरले, सावलीतलं झाकलेलं भगुलं उघडलं, लोटा बुडवला आणि घटाघटा प्यायले.

सगळ्या जणी बघतच राहिल्या. मला ओरडायचं सुचेपर्यंत निम्मा लोटा संपला होता.

मामा थांबले. लोट्यात बघितलं. "सुशे," ते अक्कांना म्हणाले, "आंबील आंबली न्हाई गं. आन् मीठ बी न्हाई."

"दादा!" अक्का म्हणाल्या. "आरं ती आंबील न्हाई! विहिरीतली माती हाय ती!"

मामांनी लोटा खाली ठेवला. मग त्यांनी गाल चाचपला आणि म्हणाले, "म्हणूनच. कायतरी टोचायलंय."

आता मी पुढं झाले. माझा धंदाच तो. "मामा, कवळी आहे का?"

"व्हय. वरची बी, खालची बी."

"काढा."

मामांनी लाजत तोंड फिरवून खालची कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. मी तांब्यातलं पाणी धारेनं सोडलं. करडा गाळ निघून गेला, आणि कवळीच्या आतल्या खोबणीत काहीतरी काळं, चकचकीत अडकलेलं दिसलं. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं. मी भिंग लावलं.

सहा कोन. वरून सपाट, झिजलेलं आणि झिलई दिलेल्यासारखं गुळगुळीत. उलटं केलं तर खाली कंगव्यासारख्या खाचा. वर मुकुट, खाली मूळ. आजवर मी हजारो दात हातात धरले असतील. दगड आणि दात यातला फरक मला डोळे मिटूनही कळला असता.

"दात!" मी ओरडले. "दात आहे! मामांच्या कवळीत दात आहे!"

"कवळीत दातच आसतेत की ओ," मामा अर्ध्या बोळक्या तोंडानं म्हणाले.

आणि मग अक्का हसल्या. आधी पदर तोंडाशी गेला, पण हसू आवरेना. पदर सुटला. त्या मागं रेलल्या आणि तोंड उघडून, मोठ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले. समोरचा वरचा एक नव्हता.

त्यांनी माझी नजर बघितली आणि चट्कन ओठ मिटले. नंतर पराती धुताना आम्ही दोघीच होतो तेव्हा त्याच म्हणाल्या, "लग्नाच्या आदी महिनाभर पडला वो हा. न्हाणीत पाय घसरला. तुम्ही दाताच्या डॉक्टर. तुमच्यापुढं तोंड उघडायची लाज वाटायलती."

"दोन वर्षं?"

"दोन वर्सं."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला मी आवडत नाही."

त्यांनी परात माझ्या हातात दिली. "मला बी तसंच वाटायलतं. तुम्ही बी बोलायचं न्हाई कवा," त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी पदर न घेता हसल्या.

संध्याकाळी मी त्यांना कच्छचे दात दाखवले आणि सांगितलं की शार्कचा एक पडला की मागून दुसरा येतो. त्या बराच वेळ ते बघत बसल्या. म्हणाल्या, "नशीबवान हाय की रांड."

नौबाद

हा दात शार्कचा असावा असं मला वाटत होतं, पण खात्री नव्हती. कच्छचे सगळे टोकदार, हा सपाट. मामा म्हणाले, "आमच्या शेजारी शाहीन मॅडम हायती. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतेत. चला, उद्याच दाखवू. शेवटी माझ्या तोंडातला हाय, मला बी कळाया पायजे."

सकाळी मोटारीत बसताना अक्काही येऊन बसल्या. अण्णा अंगणात उभे होते. "तू कुठं निघालीस? आज ट्रॅक्टर यायलाय, मान्सं जेवायला आसतेत."

"भज्जी हाय कालची. वाढून घ्या," अक्का म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

हुमनाबाद मागं टाकलं की जमीन रंग बदलते. काळी हळूहळू संपते आणि तांबडी सुरू होते. बिदर तर विटेसारखं लाल. माझ्या सोलापूरकर डोळ्यांना ते कोकणात आल्यासारखं वाटलं, फक्त नारळ नव्हते. नौबादला मामांनी आधी त्यांच्या भागातली सुरंगबावी दाखवली, जमिनीखालून पाणी आणणारा जुना बोगदा. वाकून बघितलं तर आतून गार हवा तोंडावर आली. अक्का म्हणाल्या, "मी ल्हानपणी हितं यायची, पर कदी आत डोकावले न्हाई. दादानं सांगितलं व्हतं, आत भूत हाय." मामा दुसरीकडं बघायला लागले.

शाहीन मॅडम पस्तिशीच्या, चष्मा, खांद्यावर ओढणी, हातावर खडूची पांढरी पूड. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी दात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि चिमट्यानं उलटसुलट करून बघत राहिल्या. आम्ही तिघं स्टुलांवर निकालाची वाट बघणाऱ्या मुलांसारखे बसलो होतो.

"कहाँ मिला?" त्यांनी शेवटी विचारलं.

"माझ्या कवळीत," मामा म्हणाले.

ते सगळं समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. मॅडम हसून हसून टेबलाला टेकल्या. मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं आणि मराठीत, मध्येच दखनीत, सांगितलं, "शार्क नाहीये डॉक्टरबाई. पाकट आहे. तो चपटा मासा असतो ना, शेपटीवाला? त्याच्या जबड्यात हे असे सहाकोनी दात फरशीसारखे बसवलेले असतात. शिंपले फोडून खातो."

मामांचा चेहरा पडला. काल सगळ्या शिवाराला त्यांनी सांगितलं होतं की ते शार्कच्या दातासकट आंबील प्यायले. "म्हंजे शार्क न्हाई?"

"शार्कचा रिश्तेदार है, मामा. दोनोंका खानदान एकच. ह्यालाही हाड नाही, ह्याचेही दात पडतात आणि पुन्हा येतात."

माझाही जीव थोडा खट्टू झाला होता, हे नाकारत नाही. पण अक्का माझ्याकडं वळून म्हणाल्या, "नात्यातलाच हाय की मग. सख्खा नसंना, चुलत तरी हाय. चुलत्याला घरात घ्यायचं न्हाई काय?" आणि माझा खट्टूपणा तिथंच संपला.

मॅडम सांगत होत्या, "ह्याचे भाईबंद जास्त करून खाऱ्या पाण्यात, खाडीत राहायचे. कधी नदीतून वरही यायचे. आता हा इथं, आळंदजवळ कसा आला? समुद्राचा एखादा फाटा जवळ होता का? नदीनं आला का? साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची गोष्ट आहे. एका दातावर नाही सांगता येत. तीस मिळाले, चाळीस मिळाले, तर काहीतरी बोलता येईल." त्या थांबल्या. "बाकीची माती आहे ना?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात दुपार झाली होती.

अक्कांनी फोन लावला. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज इतका मोठा होता की आम्हालाही ऐकू आला.

"अवं, ती माती नेऊ नका!" अक्का म्हणाल्या. "मॅडम म्हणायल्या, लई मोलाची हाय!"

"काय?"

"माती! करडी माती!"

"काय ऐकू येईना. ट्रॅक्टर भरायलाय. शेवटची खेप हाय. ठिव आता, डायवर थांबलाय." फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेना.

दात मी मॅडमकडं ठेवला. असा एकुलता एक दात डबीत घेऊन सोलापूरला जाण्यात अर्थ नव्हता. त्यांनी डबीवर चिकटवायच्या चिठ्ठीसाठी विचारलं, कुणाला सापडला. मामा खुर्चीत ताठ झाले. मी म्हटलं, "मामांना." मामांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश सांगितलं.

परतीच्या वाटेवर तांबडी जमीन पुन्हा काळी होत गेली. मी मनाशी म्हणत होते की रस्ता त्या लोकांना हवाच आहे. पावसाळ्यात मळ्यातून आजारी माणूस बाहेर काढायचा तर खांद्यावर आणावा लागतो, हे अण्णांनीच सांगितलं होतं. त्यापुढं माझे दात काय मोठे? हे सगळं खरं होतं आणि तरी वाईट वाटत होतं. अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तो गावापर्यंत काढला नाही.

विहिरीजवळ गाडी थांबली. ढीग नव्हता. जमीन खरवडून साफ केलेली, ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. अण्णा यारीला टेकून उभे होते.

"नेली सगळी?" अक्कांनी विचारलं.

"मुरूम नेला. दगड नेला," अण्णा म्हणाले. "करडी माती रस्त्याला टाकली तर पावसात लोकाचे पाय फसतेत. ती कशाला नेऊ?" त्यांनी हनुवटीनं कडुलिंबाकडं दाखवलं. तिथं निळी ताडपत्री अंथरलेली होती, चारी कोपऱ्यांवर दगड, आणि खाली एक मोठा उंचवटा. "मान्सं लावून येगळी काढाया लावली सकाळीच."

"मग फोनवर कामून सांगितलं न्हाई?"

"तू काय इचारायलीस ते ऐकू आलं व्हय?" मग विहिरीत बघत ते म्हणाले, "आन् काल त्या मातीत बसून तू येवढी हसलीस. किती दिसानं. टाकू वाटंना."

अक्का ताडपत्रीकडं गेल्या आणि तिचा सुटलेला कोपरा पुन्हा दगडाखाली नीट दाबला.

परतताना

निघायच्या आदल्या दिवशी मी अक्कांचं तोंड तपासलं. अंगणात, खाटेवर बसवून, सूर्याच्या उजेडात. बाकीचे दात उत्तम होते. ऊस आणि भाकरीनं घडवलेले. समोरच्यासाठी त्यांनी सोलापूरला यायचं ठरलं. शाहीन मॅडमही विद्यार्थ्यांना घेऊन मातीसाठी येणार होत्या, आणि येळवस सरल्यावर त्यांच्यासाठी भज्जी कुठून आणायची याची काळजी अक्कांना आतापासूनच लागली होती.

सकाळी त्यांनी माझी ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, तांदूळ. मग आत जाऊन तोंड शिवलेलं एक छोटं पोतं घेऊन आल्या. "हे बी न्या. घरी बसून निवडा. सापडलं तर फोन करा, न्हाई सापडलं तरी करा."

आळंदच्या स्टँडवर त्या मला सोडायला आल्या, बसमध्ये चढून सीटही धरून दिली. कर्नाटकातल्या बायकांना तिकडं बस फुकट, त्यामुळं अक्का अशा ऐटीत चढल्या की बस त्यांचीच आहे. पोतं दारातच राहिलं होतं. कंडक्टरनं ते पायानं ढकलून बघितलं, हललं नाही. त्यानं कन्नडमध्ये विचारलं, हे काय, माती?

"मण्णल्ल," अक्का म्हणाल्या. माती नाही. मग माझ्याकडं बघून, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, तोंडभर हसून म्हणाल्या, "समुद्र!"

कंडक्टरनं एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा आम्हा दोघींकडं. मग वाकून ते उचललं आणि मराठीत म्हणाला, "मग सीटाखाली घ्या की वो अक्का. खड्ड्यात बस आदळली तर सांडंल."